दगड वर, दगड खाली : ग्रीअनानच्या कड्याचं प्रकरण

आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, डोनेगॉल काउंटीत, 244 मीटर उंचीची एक बोडकी टेकडी आहे. माथ्यावर दगडाचं एक वाटोळं कडं. खालच्या रस्त्यावरून पाहिलं तर कुणी जात्याची तळी नेऊन ठेवल्यासारखं दिसतं. जवळ गेल्यावर भिंतीचा आवाका कळतो : साधारण 5 मीटर उंच, 4.5 मीटर जाड. आत शिरायला एकच दार आहे आणि तेही दार कसलं, जाड भिंतीतून काढलेलं बोळकांडं. रुंदी मीटरभरापेक्षा थोडी जास्त, डोक्यावर आडव्या शिळा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. त्या काळोखातून चार-पाच पावलं टाकली की एकदम मोकळं गोल अंगण लागतं, व्यास 23 मीटरच्या आसपास. चहूबाजूंनी भिंत पायऱ्यापायऱ्यांनी, तीन टप्प्यांत वर चढत गेलेली. वर उभं राहिलं की एका हाताला लॉख स्विली, दुसऱ्या हाताला लॉख फॉइल, अशा समुद्राच्या दोन खाड्या दिसतात. पूर्वेला डेरी शहर, आणि ते वेगळ्या देशात. ब्रिटन आणि आयर्लंडची सरहद्द इथून हाकेच्या अंतरावर नसली तरी नजरेच्या टप्प्यात आहे.

ह्या जागेचं नाव ‘ग्रीअनान ऑफ आल्याख’. इथे येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो की हे बांधकाम किती जुनं? रूढ उत्तर : सहाव्या-सातव्या शतकातलं, उत्तरेकडच्या ओनील राजकुळाचं ठाणं. उत्तर चुकीचं नाही. पण ज्या भिंतीला टेकून माणूस फोटो काढून घेतो, तिचा बराचसा भाग 1874 ते 1878 ह्या काळात रचलेला आहे, आणि रचणारा राजा नव्हता, डेरीतला एक डॉक्टर होता.

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते ह्या विसंगतीसाठी. आणि आणखी एका गोष्टीसाठी. ह्या टेकडीबद्दलची जी जी कथा मी वाचली, तिच्यात कोणी ना कोणी दगड वाहतोच. कुणी वर नेतो, कुणी खाली.

आधी कड्यांबद्दल थोडं

आयर्लंडमध्ये अशी वाटोळी कडी सुमारे 45,000 आहेत. इंग्रजीत त्यांना ‘रिंगफोर्ट’ म्हणतात. त्यातल्या ‘फोर्ट’ शब्दामुळे आपल्या डोळ्यांसमोर राजगड-तोरणा येतात, पण तसं काही नाही. बहुतेक कडी म्हणजे खातेपिते शेतकरी आणि त्यांची गुरं राहायची ती कुंपणं. आत एखाद-दोन गोल घरं, भोवती मातीचा बांध, बांधाबाहेर खंदक, व्यास वीस ते चाळीस मीटर. लांडगे आणि गुरं पळवणारे शेजारी, ह्या दोघांपासून बचाव. गाय हीच संपत्ती होती, अगदी दंडसुद्धा गायींत मोजला जाई. बहुतेक कडी साधारण 600 ते 900 ह्या तीनशे वर्षांतली.

आयरिशमध्ये ह्यांना वेगवेगळे शब्द आहेत. मातीच्या बांधाला ‘राथ’, आतल्या मोकळ्या जागेला ‘लिस’, दगडी कड्याला ‘कॅशल’ किंवा ‘कॅहर’. गावांची नावं वाचली तर देशभर हेच शब्द विखुरलेले दिसतात : राथमाइन्स, लिसमोर, कॅहरडॅनियल. आपल्याकडच्या ‘वाडी’ आणि ‘कोट’सारखे.

लोक राहायचे बंद झाले तसे हे बांध गवताखाली गेले आणि तिथे दुसरी वस्ती आली अशी समजूत पसरली. ती वस्ती ‘त्यांची’. नाव घ्यायचं नाही. रात्री सापाला आपण ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतो, तसं तिकडे ‘ती भली माणसं’ म्हणायचं. राथावरचं काटेरी पांढऱ्या फुलांचं झाड तोडायचं नाही, बांधाची माती न्यायची नाही, त्यावर घर बांधायचं नाही. नेली तर गुरं मरतील, हात लुळा पडेल, घरात झोप लागणार नाही. रात्री एखाद्या शेतात विशिष्ट ढेकळावर पाय पडला की माणूस स्वतःच्याच वावरात पहाटेपर्यंत फिरत राहतो, फाटक सापडत नाही. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. चकवा लागला, बस्स. उतारासुद्धा सांगितलेला आहे, अंगातला कोट काढून उलटा घालायचा.

1937 ते 1939 ह्या दोन वर्षांत आयर्लंडच्या सरकारने प्राथमिक शाळांमधल्या मुलांना कामाला लावलं होतं. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं आणि वहीत उतरवून आणायचं. त्या वह्यांत ह्या कड्यांच्या गोष्टी ढिगाने आहेत. माझं मत असं की पुरातत्त्वाचे कायदे यायच्या आधी ह्या हजारो बांधांना वाचवलं ते ह्या भीतीने, जसं आपल्याकडे देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड लागली नाही. भीती ओसरली, ट्रॅक्टर आणि बुलडोझर आले, तेव्हा बांध सपाट व्हायला लागले. तरी ती पुरती गेलेली नाही. 1999 साली क्लेअर काउंटीत लाटून इथे महामार्गाच्या आड एक काटेरी झाड येत होतं. कथेकरी एडी लेनिहान ह्यांनी जाहीर इशारा दिला की हे ‘त्यांच्या’ वाटेवरचं झाड आहे, तोडाल तर रस्त्यावर अपघात होतील. बातमी जगभर गेली. झाड राहिलं, रस्ता बाजूने गेला.

ग्रीअनानच्या कथा मात्र ह्या जातीच्या नाहीत. ‘हात लावू नका’ असं तिथली कथा सांगत नाही. उलट इथे सगळे हातच लावत आलेत.

पहिला दगड

‘आयल’ म्हणजे दगड, ‘आल्याख’ म्हणजे दगडांची जागा. एवढी साधी व्युत्पत्ती. पण मध्ययुगीन आयरिश कवींना साधं चालत नसे. प्रत्येक ठिकाणाच्या नावामागची कथा सांगणारा वाङ्मयाचा एक अख्खा प्रकारच त्यांच्याकडे होता, आपल्या स्थलपुराणांसारखा. त्यात आल्याखची कथा येते ती अशी.

दाग्दा हा देवकुळाचा थोरला, सगळ्यांचा बाप म्हणावा असा. त्याच्या एड नावाच्या मुलाचं कोरगेन नावाच्या माणसाच्या बायकोशी सूत जुळलं. कोरगेनने एडला मारलं. लोक म्हणाले, खुन्याला मारा. दाग्दाने मारलं नाही. त्याने शिक्षा दिली ती अशी की प्रेत पाठीवर घे, आणि माझ्या मुलाच्या मापाची शिळा सापडेपर्यंत चालत राहा. कोरगेन प्रेत घेऊन हिंडला. अखेर लॉख फॉइलच्या काठी त्याला त्या मापाची शिळा मिळाली. प्रेत आणि शिळा घेऊन तो टेकडी चढला. थडगं खणलं, शिळा ठेवली, ‘हाय रे, दगड!’ असं ओरडला (नाव पडलं ते ह्याच उद्गारावरून) आणि छाती फुटून तिथेच मेला. मग दाग्दाने गार्वान आणि इमखेल ह्या दोन गवंड्यांना बोलावून थडग्याभोवती कडं बांधून घेतलं.

विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ निदान बोलत तरी होता. इथे प्रेत गप्प. मला ह्या कथेत सर्वांत आवडतो तो न्याय : देहदंड नाही, ओझं. आणि ज्याने रचली त्याने कधीतरी दगडाची पाटी डोक्यावर घेऊन डोंगर चढलेला असणार असं वाटतं, कारण शेवटचा उद्गार शोकाचा नाही, दमलेल्या हमालाचा आहे.

दुसरी एक कथाही आहे, त्यात स्कॉटलंडच्या राजकन्येसाठी इथे लाल लाकडाचं घर बांधलं जातं. ‘ग्रीअन’ म्हणजे सूर्य, आणि ‘ग्रीअनान’ म्हणजे ऊन येणारी, बहुधा घरातल्या बायकांची, उबदार बसायची जागा. म्हणजे आपला सज्जा. एवढ्या दणकट भिंतीला सज्जा म्हणणं विचित्र वाटतं, पण चैत्रातल्या सकाळी त्या टेकडीवर जो उजेड येतो तो त्या देशात इतरत्र सहजी मिळत नाही, हेही खरं.

1101 : दगड खाली

इथून इतिहासाच्या हद्दीत येऊ. आयर्लंडच्या मठांमध्ये शकावल्या लिहिल्या जात. आपल्या जेधे शकावलीसारख्याच : साल, मग एक-दोन ओळी, अमुक मेला, तमुक लुटलं गेलं. ह्या शकावल्यांत आल्याख वारंवार येतं. इथल्या राजांच्या घराण्याला ओअन ह्या मूळपुरुषावरून नाव मिळालं आणि त्याच्यावरूनच ह्या द्वीपकल्पाला इनिशोअन, म्हणजे ओअनचं बेट. 939 मध्ये व्हायकिंगांनी आल्याखवर छापा घातला आणि राजालाच उचलून जहाजावर नेलं, तो पुढे सुटून आला. ह्या घराण्याचं सर्वांत जास्त वैर होतं ते दक्षिणेतल्या मन्स्टर प्रांताच्या ओब्रायनांशी.

1088 मध्ये आल्याखचा राजा डोनल मॅक लॉखलिन फौज घेऊन दक्षिणेत उतरला. लिमरिक जाळलं आणि ओब्रायनांचं किनकोरा जमीनदोस्त केलं. किनकोरा म्हणजे ओब्रायनांच्या मूळपुरुषाचा, ब्रायन बोरूचा वाडा, त्या घराण्याचं नाकच म्हणायचं. तेरा वर्षं गेली. 1101 मध्ये ब्रायन बोरूचा पणतू मर्टाख ओब्रायन चार प्रांतांचं सैन्य घेऊन वर आला. इनिशोअन लुटलं, देवळं जाळली आणि आल्याख मोडलं. मग त्याने हुकूम काढला की शिध्याच्या प्रत्येक पोत्यामागे ह्या गडाचा एक दगड घ्यायचा आणि लिमरिकपर्यंत न्यायचा. अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर. शकावलीकाराने तिथे एक जुना श्लोक दिला आहे. त्याचा आशय असा की सैनिकांना लोकांच्या घरी बिऱ्हाड देतात हे ऐकलं होतं, पण आल्याखच्या दगडांना पश्चिमेच्या राजाच्या (म्हणजे मर्टाखच्या) घोड्यांवर बिऱ्हाड मिळालेलं पाहिलं तेव्हा नवल वाटलं.

सूड म्हणून ही कल्पना अस्सल आहे. शत्रूचं घर पाडणं कुणीही करतं, ते वाहून नेणं वेगळं. पण गोष्ट छान आहे म्हणून ती जशीच्या तशी घ्यायची का?

दोन गोष्टी तपासून पाहिल्या. पहिली, साधनांची. ‘अल्स्टरची शकावली’ आल्याख मोडल्याचं सांगते. पोत्यामागे दगड हा तपशील मात्र ‘चार पंडितांची शकावली’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात येतो. तो ग्रंथ 1632 ते 1636 ह्या काळात, डोनेगॉलमध्ये, मायकेल ओ क्लेरी हा फ्रान्सिस्कन साधू आणि त्याच्या साथीदार पंडितांनी, जुनी बाडं एकत्र करून लिहिला. म्हणजे घटनेनंतर पाचशे वर्षांनी, आणि पाडल्या गेलेल्या बाजूच्या मुलखात. श्लोक त्याहून जुना आहे, त्यामुळे गोष्ट ह्या पंडितांनी बनवली असं म्हणता येत नाही. पण तिच्यावर हात फिरलेले आहेत.

दुसरी गोष्ट, हिशेबाची. आजची भिंत 5 मीटर उंच. एकोणिसाव्या शतकात ती सरासरी 6 फूट, म्हणजे 1.8 मीटर उरली होती. मधला भाग पडला असं धरलं, आणि भिंत वर निमुळती होत जाते हे लक्षात घेतलं, तर ढोबळमानाने आठ-नऊशे घनमीटर दगड खाली आला. वजन दीड हजार टनांच्या घरात. आता पाच हजार पोती आणि प्रत्येकामागे पाच किलोचा धोंडा धरा, हे दोन्ही आकडे सढळ हाताने घेतलेत. झाले पंचवीस टन. शंभरातले दोनसुद्धा नाहीत. म्हणजे मर्टाखने दगड नेले असतील, निशाणी म्हणून, मिरवायला म्हणून. पण गड नेला नाही. गड तिथेच, स्वतःच्या पायाशी, ढिगाऱ्यात पडून राहिला.

आणि ह्या हिशेबातही एक गोम आहे. ‘पाच मीटर’ हा आकडा कुणाचा? मर्टाखच्या वेळचा नव्हे. तो डॉक्टरांचा आहे.

1835 : मोजपट्टी

डॉक्टरांच्या आधी एक माणूस येऊन गेला हे ह्या प्रकरणाचं नशीब. 1824 पासून ब्रिटिश सरकार आयर्लंडची इंच-इंच मोजणी करत होतं. त्या खात्यात जुन्या वास्तूंच्या आणि नावांच्या नोंदी ठेवणारा एक विभाग होता, त्याचे प्रमुख जॉर्ज पेट्री. चित्रकार, संगीत गोळा करणारे आणि पुराणवस्तूंचे जाणकार. त्यांच्या हाताखालच्या जॉन ओडोनोव्हन ह्यांनी पुढे वरच्या चार पंडितांच्या शकावलीचं इंग्रजी भाषांतर केलं. मोजणीबरोबर प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाचा, वृत्तांतही छापायचा बेत होता. पहिला खंड, डेरीच्या परिसराचा, 1837 मध्ये निघाला. खर्च पाहून वरिष्ठांनी बेत गुंडाळला, त्यामुळे तेवढाच एक निघाला. ग्रीअनानचं वर्णन त्यात आहे.

पेट्रींनी लिहिलं ते कोरडं आणि म्हणूनच मोलाचं. अंगणाचा व्यास 77 फूट 6 इंच. भिंतीची जाडी जागेप्रमाणे 11 ते 15 फूट. उंची सरासरी 6 फूट. आतल्या बाजूने, जमिनीपासून साधारण 5 फुटांवर, भिंत थोडी मागे सरून एक ओटा तयार होतो आणि त्यावर चढायला पायऱ्या आहेत. पुढचं वाक्य त्यांच्या अंदाजाचं : असे तीन-चार टप्पे मुळात असावेत, एकावर एक, माथ्यापर्यंत.

म्हणजे 1835 मध्ये पाहिलेला ओटा एक. बाकीचे तर्काने. आज आपण चढतो ते तीन.

1874 : दगड वर

डॉ. वॉल्टर बर्नार्ड डेरीत राहत. सरकारी अधिकारी नव्हते, पुरातत्त्वाचं शिक्षण नव्हतं. तेव्हा ते कुणाचंच नव्हतं म्हणा. चार वर्षं, आसपासच्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन, त्यांनी आतबाहेर पडलेला दगड उचलून भिंत पुन्हा रचली. दार ढिगाऱ्याने बुजलं होतं ते मोकळं केलं. केलेल्या कामाचा वृत्तांत रॉयल आयरिश अकादमीसाठी लिहून काढला.

चुना नाही, माती नाही. आपल्याकडे कोकणात गडगा घालतात त्याच जातीचं हे काम, फक्त आडदांड मापाचं. ज्यांनी गडगा घालताना पाहिलाय त्यांना ठाऊक असेल की त्यात दगड निवडणं हेच काम असतं. हातात घेतलेला दगड फिरवून फिरवून बघायचा, त्याचं ‘तोंड’ कुठलं ते ठरवायचं. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरच्याचं पोट आलं पाहिजे, सांध्यावर सांधा आला की भिंत उभी चिरते. मधूनमधून लांब दगड आत खोलवर गेला पाहिजे, नाहीतर दर्शनी थर पोटातल्या भरीपासून सुटून फुगतो. भिंत बाहेरून आत किंचित कलती हवी. आणि चिपा मारायच्या त्या मागून, पुढून नव्हे. चांगला गवंडी एकदा उचललेला दगड खाली ठेवत नाही असं म्हणतात. जुन्या भिंतीतला दगड पडला आणि तोच परत लावला तरी भिंत तीच राहत नाही, कारण ठेवणारा हात बदललेला असतो.

बर्नार्डना हे कळत असावं, कारण त्यांनी एक गोष्ट केली जी त्या काळात फारसं कुणी करत नव्हतं. जो भाग मूळचा, हललेला नव्हता, त्यावर डांबराने खूण केली. खुणेखालचं जुनं, वरचं आमचं. म्हणजे पुढे येणाऱ्याची फसगत होऊ नये.

ह्या खुणेचं महत्त्व कळायला थोडं इकडेतिकडे बघावं लागतं. त्याच दशकात इंग्लंडमध्ये जुनी चर्चं ‘सुधारून’ नवीकोरी करण्याचा सपाटा चालला होता. त्याविरुद्ध चिडून विल्यम मॉरिस ह्यांनी 1877 मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली. त्यांचं म्हणणं असं की डागडुजी करा, पण हरवलेलं कल्पनेने उभारू नका. 1964 मध्ये व्हेनिसला जगभरच्या तज्ज्ञांनी जो मसुदा मान्य केला, त्यात दोन कलमं आहेत : तर्क सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे, आणि नवा भाग जुन्यापासून ओळखू आला पाहिजे. बर्नार्डनी दुसरं कलम नव्वद वर्षं आधीच पाळलं, डांबराचा डबा घेऊन. पहिलं मात्र साफ मोडलं. पेट्रींचा तर्क त्यांनी दगडात उतरवला.

मग बर्नार्ड बरोबर की चूक? मी हा प्रश्न बराच काळ घोळवला. पुरातत्त्वाच्या बाजूने पाहिलं तर नुकसान स्पष्ट आहे. ढिगारा हाही पुरावा असतो. कुठला दगड कुठे पडला, जळाल्याच्या खुणा कुठल्या थरात, भिंत आत पडली की बाहेर, ह्यावरून 1101 मध्ये नेमकं काय झालं ते सांगता आलं असतं. आता सांगता येत नाही. उलट बाजूने, केरी काउंटीतलं स्टेग हे असंच कडं आजही साडेपाच मीटरपर्यंत उभं आहे, तिथेही आतून पायऱ्या आहेत. म्हणजे बर्नार्डचा अंदाज हवेतला नव्हता. आणि 6 फुटी ढिगारा तसाच सोडला असता तर पुढच्या दीडशे वर्षांत त्यातून किती गोठे आणि कुंपणं उभी राहिली असती ते आपण आपल्या गडांच्या पायथ्याला पाहिलेलंच आहे. माझा कौल बर्नार्डच्या बाजूने, पण त्या डांबराच्या खुणेसाठी. भिंतीसाठी नव्हे.

वाईट एवढंच की डांबर काळाच्या ओघात टिकलं नाही. खूण पुसली गेली. ह्या शतकाच्या सुरुवातीला भिंतीचा काही भाग ढासळला आणि पुन्हा बांधावा लागला. आता सहाव्या-सातव्या, एकोणिसाव्या आणि एकविसाव्या शतकांचे दगड एकमेकांच्या खांद्यावर बसलेत.

खरं आल्याख कुठलं?

ह्यावर थोडक्यात. शकावल्यांतलं ‘आल्याख’ म्हणजे हीच टेकडी, हे गृहीत धरलं जातं. पण सरहद्दीपलीकडे, डेरीच्या अगदी कडेला, ईला नावाची जागा आहे, खडकावर एका मध्ययुगीन गढीचा उरलेला तुकडा. ‘ईला’ हे नाव आल्याखचंच बदललेलं रूप. त्यामुळे ब्रायन लेसी ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी असा विचार मांडलाय की मूळ राजधानी तिथली असावी आणि टेकडीवरचं कडं हे त्याच सत्तेचं दुसरं, मिरवण्याचं ठाणं. मला हे पटण्यासारखं वाटतं. बोडक्या माथ्यावर, त्या वाऱ्यात, बारा महिने राहायला राजा काही वेडा नव्हता. टेकडीवर चढायचं ते सभेसाठी, अभिषेकासाठी, चारी दिशांना दिसावं म्हणून.

डेरीतच बेलमाँट इथे एक शिळा आहे, तिच्यावर दोन पावलांचे ठसे. ओअनच्या वंशातले राजे त्या पावलांत उभे राहून राज्य घेत आणि ती शिळा आल्याखहून आणली, असं लोक सांगतात. पुन्हा दगड, पुन्हा वाहून आणलेला.

टेकडीच्या पोटात आणि पायथ्याशी

ओनीलांचं राज्य 1607 मध्ये संपलं. ह्यू ओनील आणि त्याचे साथीदार लॉख स्विलीच्या काठच्या राथमुलनहून जहाजात बसून कायमचे युरोपात निघून गेले. ती खाडी ह्या भिंतीवरून दिसते. त्यानंतर जी दंतकथा रुजली ती अशी की ओनीलचे घोडेस्वार गेलेले नाहीत, आल्याखच्या टेकडीखाली मंत्राने झोपलेत, लगाम हातात धरून. एकदा एक माणूस चुकून त्या गुहेत शिरला. एका स्वाराने मान वर केली, ‘वेळ झाली का?’ असं विचारलं. माणूस घाबरून काहीच बोलला नाही. स्वाराची मान परत खाली गेली.

ज्या मुलखातली जमीन काढून बाहेरच्यांना वाटली गेली, तिथे ही कथा तीनशे वर्षं सांगितली गेली. सांगणाऱ्यांच्या मनात काय असेल ते वेगळं लिहायला नको.

पायथ्याशी बर्ट गावात 1967 मध्ये एक चर्च झालं. वास्तुरचनाकार लिअम मॅककॉर्मिक. त्यांनी चर्चला वरच्या कड्याचाच आकार दिला : गोल, दगडी भिंत, वर तांब्याचं छत. ते हळूहळू हिरवट झालंय. विसाव्या शतकातली आयर्लंडमधली सर्वोत्तम इमारत म्हणून लोकांच्या कौलात ह्या चर्चची निवड झाली. गंमत अशी की ज्या उंच, पुऱ्या आकाराला पाहून मॅककॉर्मिकना हे सुचलं, तो आकार बर्नार्डचा. पेट्रींनी पाहिलेल्या 6 फुटी ढिगाऱ्यावरून हे चर्च सुचलं असतं का, मला शंका आहे.

एक फरशी

बर्नार्डना ढिगारा उपसताना काही वस्तू मिळाल्या. जनावरांची हाडं, दगडाच्या काही वस्तू, थोडं लोखंड. आणि वालुकाश्माची एक फरशी, तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा मारून पाडलेली 36 घरं. सहा बाय सहा.

राजगादीच्या जागेत ही सापडली तरी तिला कुणी फार मान दिला नाही, पण मला ती सर्वांत जवळची वाटते. आपल्या गडांवर, लेण्यांच्या ओट्यांवर पहारेकऱ्यांनी कोरलेले वाघबकरीचे पट असतात तशीच ही. आयरिश लोक ‘ब्रानड्युव्ह’ नावाचा एक खेळ खेळत, सात बाय सातच्या पटावर. तसा एक लाकडी पट बॅलिंडेरीला 1932 मध्ये मिळाला, त्यात सोंगट्या रोवायला भोकं आहेत. आता 36 घरांच्या फरशीवर सोंगट्या घरांत न ठेवता रेघांच्या छेदांवर ठेवल्या, जशा आपण वाघबकरीत ठेवतो, तर छेद किती होतात? सात बाय सात.

हा माझा अंदाज. पण तो करताना डोळ्यांसमोर येतो तो दाग्दा नाही, मर्टाखही नाही. भिंतीच्या आडोशाला वारा चुकवून बसलेला कुणी पहारेकरी येतो. मधोमध राजाची सोंगटी, कोपऱ्यांकडे पळू बघणारी, आणि चहूकडून तिला कोंडणाऱ्या दुसऱ्याच्या सोंगट्या. पट दगडाचा, जड. तो कुणी उचलून नेला नाही.